वाडी, तिठा, आळी : मालवण किनाऱ्यावरची नावे

मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात पत्ता वाडीवरून सांगतात. देऊळवाडी, वरचीवाडी, भंडारवाडी, गाउडवाडी, डोंगरेवाडी, हिर्लेवाडी, पिरावाडी, जामडूल ही नावे गावच्या माणसाला पुरतात. त्यापुढे घराण्याचे नाव घेतले की माणूस थेट खळ्यात जाऊन उभा राहतो. कणकवली, मालवण आणि देवगड या तिन्ही बाजूंचे रस्ते जिथे भेटतात तो तिठा. एस.टी.त बसलेला कंडक्टरला ‘तिठ्यार उतराचा आसा’ म्हणून सांगतो आणि तेवढ्याने भागते. सरकारी कागदावर गाव ‘आचरे’ आहे, बोलण्यात ‘आचरा’ आहे, आणि मुंबईहून सुट्टीला निघालेला ‘आचऱ्याक’ निघालेला असतो.

इंग्लंडमधल्या जुन्या शहरांच्या गल्ल्यांना नावे कशी पडली यावर तिकडे कपाटे भरतील एवढी पुस्तके आहेत. मालवण किनाऱ्यावर तसा शोध घ्यायचा तर रस्त्यापासून सुरुवात करून चालत नाही, कारण इथली घरे रस्त्याकाठी ओळीने उभी राहिलेलीच नाहीत. देशावरचे गाव पांढरीवर दाटीने बसते. घराला घर लागून, मध्ये बोळ, एखादी वेस आणि पाण्यासाठी ठरावीक विहिरी. तळकोकणात जमीनच तशी नाही. जांभ्याचे उंच भरड, त्यांच्या पायथ्याशी भातशेतीचे मळे, मळ्यातून वाहणारा व्हाळ, आणि पुढे खाडी किंवा समुद्र. मळ्यातली जमीन भाताला लागते, म्हणून घर तिच्यावर बांधायचे नाही. ते कडेला, चढ सुरू होतो तिथे बांधायचे. तिथेच विहिरीला पाणी लागते, माडाफोफळीची बाग होते. अशा कडेकडेने पाचपंचवीस घरे जमली की झाली वाडी. एका वाडीतून दुसरीत जायला मध्ये मळा, व्हाळ किंवा भरड ओलांडायचे. वाट असते, तिला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे असतात, पण वाटेला स्वतःचे नाव क्वचितच असते. ती ‘देवळाकडची’ किंवा ‘बंदराची’ असते, म्हणजे जिथे पोचवते त्याच्या नावाने ओळखली जाते.

वाड्यांची नावे कशी पडतात हे पाहिले तर त्यांमागे फार थोड्या युक्त्या दिसतात. सर्वांत साधी युक्ती उंचसखलपणाची. वरची वाडी, खालची वाडी, मधली वाडी ही नावे सिंधुदुर्गात गावोगाव आहेत. तीच गोष्ट थोडे उत्तरेला वेगळ्या शब्दांत दिसते. गुहागरात वरचा पाट आणि खालचा पाट आहेत. रत्नागिरीत वरची आळी आणि खालची आळी. अशा नावात गंमत अशी, की ते कोणीतरी वाडीबाहेरून दिलेले असते. स्वतःच्या अंगणात उभा असलेला माणूस ‘मी वर राहतो’ असे म्हणत नाही. खालचा त्याच्याकडे बोट दाखवून तसे म्हणतो. पुढे वरचाही ते नाव उचलतो.

दुसरी युक्ती देवस्थानाची. आचऱ्याची देऊळवाडी म्हणजे देवळाजवळची वाडी, आणि आचऱ्यात नुसते ‘देऊळ’ म्हटले की ते रामेश्वराचे. मालवण शहरातही देऊळवाडा आहे. पिरावाडीच्या नावात पीर आहे. ही मच्छीमारांची वाडी समुद्राच्या बाजूला आहे, तिथली बहुसंख्य वस्ती गाबीत समाजाची, आणि तरी नाव पिराचे. कोकणात यात कोणाला नवल वाटत नाही. पिराला नारळ देऊन होडी पाण्यात लोटणारे गाबीत आणि गावच्या देवाला मान देणारे मुसलमान ही किनारपट्टीवरची नित्याची बाब आहे. आचऱ्याच्या गावपळणीत तर ती ठळक दिसते. दर तीनचार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री अख्खा गाव घरेदारे सोडून, गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसकट शिवेबाहेर जाऊन राहतो. त्यात जातीधर्माचा भेद नाही. शिवेपलीकडे चिंदर, वायंगणीच्या बाजूला राहुट्या पडतात. वाडी हा शब्द इथे केवळ पत्त्यापुरता नाही हे त्या दिवसांत कळते. वाडी जागेवरून हलते, पण शेजार मोडत नाही, आणि माणसे उघड्या रानातही आपापल्या वाडीच्या नावानेच एकमेकांना शोधतात.

तिसरी युक्ती आडनावाची, आणि ती सर्वांत जास्त चालते. परबवाडी, राणेवाडी, सावंतवाडी, घाडीवाडी अशी नावे जिल्ह्यात इतकी आहेत की गावाचे नाव पुढे लावल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. एखादे घराणे आधी येऊन वसले, त्याची घरे वाढली, आणि वाडी त्याच्या नावाने झाली. मसुऱ्याची आंगणेवाडी हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. ती मूळची मसुरे गावाची एक वाडी. आंगणे घराण्याची म्हणून आंगणेवाडी. पण भराडीदेवीच्या जत्रेने तिचे नाव एवढे मोठे केले की आज मुंबईतून निघालेल्या जत्रेच्या जादा गाड्यांवर आंगणेवाडी लिहिलेले असते आणि मसुऱ्याचे नाव कोणी काढत नाही. त्या देवीच्या नावातही जमीनच आहे. भरडावर प्रगट झालेली ती भराडी, अशी तिथली समजूत.

चौथी युक्ती धंद्याची आणि जातीची. भंडारवाडी भंडाऱ्यांची, सुतारवाडी सुतारांची, कुंभारवाडी, तेलीवाडी, गुरववाडी, भटवाडी. तिच्याविषयी पुढे वेगळे बोलावे लागेल, कारण ती वरच्या तिघींइतकी निरुपद्रवी नाही.

जमिनीच्या आकारावरून पडलेली नावे या किनाऱ्यावर विशेष भरीव आहेत, आणि ती नीट वाचता आली तर नकाशाची गरज कमी होते. भरड म्हणजे जांभ्याचा कोरडा उंचवटा. मालवण शहरातला भरड भाग बंदरापासून चढ चढून आल्यावरच लागतो. रेव म्हणजे वाळू. मालवणचे रेवतळे आणि पलीकडची रेवंडी या दोन्ही नावांत ती आहे. दांडी म्हणजे समुद्रात किंवा खाडीच्या तोंडाशी पुढे आलेली वाळूची जीभ. मालवणची दांडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समोर आहे, आणि किल्ल्याच्या बांधकामाआधी, १६६४ साली, जिथे पूजा झाली असे सांगतात तो मोरयाचा धोंडा तिथेच आहे. भाट म्हणजे खाडीकाठची माडांची किंवा लागवडीची जमीन. खाजण म्हणजे खारे पाणी बांध घालून अडवून काढलेले शेत. जुवा म्हणजे खाडीतले बेट. मसुऱ्याजवळ कालावलच्या खाडीत खोतजुवा आहे, पाणखोल जुवा आहे. हाच शब्द मांडवीच्या पात्रातल्या गोव्याच्या बेटावर भेटतो. पोर्तुगीज त्याला सांत इस्तेव्ह म्हणाले, गावचे लोक जुवें म्हणत राहिले. दोन राज्ये, दोन राजवटी, पण खाडीतल्या बेटाला नाव ठेवताना माणसांनी एकच शब्द वापरला.

मालवण शहरात आले की गावठाणी युक्त्यांवर शहरी युक्त्यांचा थर चढलेला दिसतो. वाडीच्या जागी वाडा येतो: धुरीवाडा आडनावाचा, गवंडीवाडा धंद्याचा, देऊळवाडा देवळाचा. बंदर आले म्हणून बाजारपेठ आली, आणि सोमवारी आठवडी बाजार भरतो तिथे सोमवार पेठ झाली. राजकोट हा किनाऱ्यावरचा छोटा कोट. कोटाचे नाव वस्तीला लागले. सर्जेकोटाचेही तसेच. तो कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी आहे, आणि आज सर्जेकोट म्हटले की लोकांना मासळीचे बंदर आधी आठवते, तटबंदी नंतर.

पण मालवणातले सर्वांत सरस नाव फोवकांडा पिंपळाचे. फोव म्हणजे पोहे. कांडणे म्हणजे उखळात मुसळाने कुटणे. भिजवलेले भात भाजून, गरम असतानाच कांडून, पाखडून पोहे करायचे हे काम घाईचे आणि कष्टाचे. गार झालेला दाणा चपटा होत नाही, मोडतो. हे काम जिथे चाले त्या जागेचा पिंपळ तो फोवकांडा पिंपळ. पोह्यांच्या गिरण्या आल्यावर मुसळांचा आवाज बंद पडला, तरी नाव शहरात ठाण मांडून बसले आहे. मोर्चा निघाला की तो फोवकांडा पिंपळापाशी येतो, सभा तिथे होते, बातमीतही तेच छापून येते. एका नावात झाड, धंदा आणि बोली तिन्ही एकदम सापडावीत असे भाग्य शहरांतल्या फार थोड्या चौकांना लाभते. नगररचनाकाराला बसून असे नाव सुचणार नाही.

रस्ते जिथे मिळतात त्या जागेला काय म्हणायचे यावर महाराष्ट्रात प्रांतागणिक वेगळा शब्द आहे. सिंधुदुर्गात तिठा: आचऱ्याचा तिठा, कसालचा, पिंगुळीचा, सावंतवाडीतला गवळी तिठा. तीन वाटा मिळतात म्हणून तिठा. पुढे चौथी वाट फुटली तरी तो तिठाच राहतो. घाट चढून कोल्हापुरात गेले की तोच तिठा तिकटी होतो. मिरजकर तिकटी आणि पापाची तिकटी तिथे प्रसिद्ध आहेत. मुंबईठाण्याकडे नाका म्हणतात, कारण जकात घेण्याची चौकी अशाच ठिकाणी असे. जकात गेली, नाका राहिला. पुण्यात आणि विदर्भात चौक. शब्दावरून माणूस कुठला ते ओळखायचे असेल, तर त्याला कुठे उतरायचे आहे एवढे विचारावे.

सावंतवाडी हे तर वाडीचे संस्थान झाल्याचे उदाहरण. सावंत भोसल्यांची राजधानी ती सावंतवाडी. तिचे जुने नाव सुंदरवाडी. शहरातले भाग पाहिले तर दरबार डोळ्यांपुढे येतो: सबनीसवाडा आणि खासकीलवाडा ही दरबारी हुद्द्यांची नावे, माठेवाडा घराण्याचा, उभाबाजार व्यापाऱ्यांचा. आणि चितारआळी चिताऱ्यांची. लाकडी खेळणी, रंगवलेली फळे, पाट, गंजिफा यांसाठी सावंतवाडीचे नाव झाले ते या आळीमुळे. फोवकांडा पिंपळापाशी आता फोव कांडले जात नाहीत, पण चितारआळीत लाकडी केळी, आंबे आणि मिरच्या अजून दुकानांत टांगलेल्या दिसतात. नाव आणि काम एकाच जागी शिल्लक असण्याचे असे प्रसंग थोडे.

इंग्लंडमधल्या यॉर्कशी इथे तुलना करायला हरकत नाही. नवव्या शतकात, ८६६ साली, ते शहर डेन लोकांनी घेतले, आणि त्यांच्या भाषेतला ‘गाता’ म्हणजे रस्ता हा शब्द तिथल्या नावांना कायमचा चिकटला. तिथल्या ‘कॉपरगेट’मध्ये तांबेही नाही आणि दरवाजाही नाही. ती लाकडी पेले घडवणाऱ्यांची आळी, म्हणजे चितारआळीची सख्खी बहीणच. ‘शॅम्बल्स’ ही तिथली अरुंद गल्ली खाटकांची. मांस मांडण्याच्या फळ्यांवरून तिला नाव पडले. लंडनमध्ये ब्रेड स्ट्रीट आहे, मिल्क स्ट्रीट आहे, आणि ‘चीपसाइड’ म्हणजे बाजाराची बाजू. हजार वर्षांपूर्वीच्या यॉर्कमध्ये आणि मालवणात माणसांना एकच गरज होती: पेला कुठे मिळेल, मटण कुठे मिळेल आणि फोव कुठे मिळतील हे सांगता आले पाहिजे.

मालवण किनाऱ्यावरची माणसे पोटासाठी मुंबईला गेली तेव्हा त्यांना तिथेही वाड्याच भेटल्या. गिरगावात खोताची वाडी, फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, जांभूळवाडी, आंबेवाडी. मुंबईची ती बाजू मुळात माडांची आणि फळझाडांची बागाईत होती, आणि बागेला वाडी म्हणण्याची रीत तिथेही होतीच. मुगभाट हे नाव वाचताना बाहेरच्याला अडायला होते. आचऱ्याच्या माणसाला अडत नाही, कारण भाट त्याच्या रोजच्या बोलण्यातले; मुगाचे भाट ते मुगभाट. उंबरांची उमरखाडी, चिंचांचे चिंचबंदर, पाय धुण्याची पायधुणी. शंभर वर्षांपूर्वी, १९१७ साली, सॅम्युअल शेपर्ड यांनी मुंबईच्या ठिकाणांच्या आणि रस्त्यांच्या नावांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते आजही या विषयातले पहिले वाचण्याजोगे पुस्तक आहे. त्यात साहेबांच्या नावांचे रस्ते पुष्कळ आहेत, पण झाडे, शेते आणि तळी यांवरून पडलेली नावे वाचताना पान उलटायचे राहते.

मुंबईहून गावाकडे पैसे जायचे ते मनीऑर्डरने. टपाल खात्याने ती सोय १८८० मध्ये सुरू केली, आणि पुढे शंभर वर्षे कोकणातली चूल तिच्यावर पेटत राहिली. मनीऑर्डरच्या फॉर्मवर मुक्काम पोस्टाच्या आधी वाडी लिहिल्याशिवाय गत्यंतर नसे. एकाच गावात एकाच नावाची आणि आडनावाची चारपाच माणसे असायची. वडिलांचे नाव आणि वाडी घातली की पोस्टमन चुकत नसे. वाड्यांची नावे लिखित झाली, त्यांचे लेखन थोडेफार ठरून गेले, याचे श्रेय या फॉर्मांना आणि वाडीवाडीत निघालेल्या प्राथमिक शाळांच्या पाट्यांना द्यायला हवे.

गावाची नावे दुसऱ्या वाटेनेही मुंबईत गेली, आडनावे होऊन. आचऱ्याचा तो आचरेकर. क्रिकेटचे गुरू रमाकांत आचरेकर यांचा जन्म मालवणचा, १९३२ सालचा. त्यांच्या आडनावामुळे आचरा हे नाव ज्यांनी कोकण पाहिलेले नाही अशांच्याही तोंडी गेले. जागेवरून माणसाला नाव पडते आणि माणसावरून पुन्हा जागेला. हे चक्र शहरात मात्र एकाच दिशेने जोरात फिरते.

शहरातली ती दिशा म्हणजे गौरवाची. इंग्रजांनी मुंबईत रस्ते आखले आणि त्यांना गव्हर्नरांची, अधिकाऱ्यांची नावे दिली. सर रॉबर्ट ग्रँट हे १८३५ ते १८३८ गव्हर्नर होते, त्यांचा ग्रँट रोड. लॉर्ड लॅमिंग्टन यांचा लॅमिंग्टन रोड. स्वातंत्र्यानंतर पाट्या बदलल्या: हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग, ग्रँट रोडचा मौलाना शौकतअली मार्ग, लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग, पेडर रोडचा डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. यांतला दादाभाईंचा ‘डी. एन. रोड’ लोकांनी उचलला, तोही आद्याक्षरांपुरता. बाकीची नावे पाटीवर आहेत आणि टॅक्सीवाला जुनेच नाव ओळखतो. याला देशप्रेमाचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल. लांबलचक नाव तोंडात बसत नाही, एवढे साधे कारण आहे. ‘डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग’ म्हणेपर्यंत सिग्नल सुटतो.

काळा घोडा हे नाव तर कोणीच दिले नाही. डेव्हिड ससून घराण्याने शहराला दिलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये तिथे बसला. लोकांनी राजपुत्राकडे दुर्लक्ष केले आणि घोडा तेवढा पाहिला. पुतळा १९६५ मध्ये उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. जागेचे नाव तरीही काळा घोडाच राहिले. शेवटी २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा केला, स्वाराशिवाय. पाटीने दिलेले नाव लोकांनी नाकारल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. लोकांनी दिलेल्या नावासाठी नंतर पुतळा घडवावा लागला, असे उदाहरण हेच.

पुण्याच्या पेठांची नावे सरळ आहेत, वारांची. त्यांतल्या काहींची जुनी फारसी नावे होती. बुधवार पेठ मुहियाबाद होती, शनिवार पेठ मुर्तुजाबाद. पेशवाईत वार आले आणि टिकले. सदाशिव पेठ मात्र माणसाची, सदाशिवराव भाऊंची.

गोव्यात, पणजीत, दोन तारखांचे रस्ते आहेत, आणि त्यांच्याकडे पाहिले की राजवटींचा हिशेब समोर येतो. फोंतेन्यास भागातला ३१ जानेवारी रस्ता हा पोर्तुगीज काळातला. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात ३१ जानेवारी १८९१ रोजी राजेशाहीविरुद्ध उठाव झाला, त्याची ती आठवण. पणजीचा दुसरा रस्ता १८ जूनचा. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सविनय कायदेभंगाला सुरुवात केली, तो हा दिवस. एक तारीख पोर्तोच्या प्रजासत्ताकवाद्यांची, दुसरी गोव्याच्या स्वातंत्र्यवाद्यांची. फोंतेन्यास हे भागाचे नाव मात्र तारखेचेही नाही आणि माणसाचेही नाही. ते झऱ्याचे आहे.

सिंधुदुर्गातही सरकारने नाव देऊन पाहिले. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी नवा जिल्हा झाला आणि त्याला किल्ल्याचे नाव मिळाले. हे नाव लोकांनी मनापासून घेतले, कारण किल्ला सर्वांचा होता. मुख्यालय ओरोसला झाले आणि त्याचे नामकरण सिंधुदुर्गनगरी असे झाले. कागदपत्रांत सिंधुदुर्गनगरी आहे. पण कामासाठी निघालेला आचऱ्याचा माणूस आजही ‘ओरसाक जातंय’ असेच सांगतो.

आता त्या चौथ्या युक्तीकडे. जातीवरून वाडी ओळखली की रस्ता सापडतो खरा, पण त्याच वेळी माणसाची जातही सापडते. कुंभारवाडी, सुतारवाडी ही नावे ऐकताना धंद्याची वाटतात; महारवाडा, मांगवाडा ही नावे ज्यांच्यावर लादली गेली त्यांना ती कधीच तशी वाटली नाहीत. गावाच्या कडेला, बहुधा शिवेलगत, ज्यांना राहायला लावले त्यांचे नाव त्या कडेला चिकटले, आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यापासून मतदारयादीपर्यंत त्याच्या मागे लागले. धर्मांतरानंतर अनेक ठिकाणी बौद्धवाडी हे नाव आले. ते लोकांनी स्वतः घेतले, हा फरक मोठा होता. पण पत्त्यावरून जात ओळखण्याची सोय तशीच राहिली. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती यांच्याबरोबर ब्राह्मणवाडा आणि माळीगल्लीही त्यात होती. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली.

जुन्या नावांत इतिहास असतो म्हणून ती तशीच ठेवावीत, असा सूर अशा वेळी निघतो. पण तो बहुधा ज्यांना त्या नावाचा त्रास झाला नाही त्यांच्याकडून निघतो. ज्या नावाने माणूस रोज खाली ढकलला जातो ते पाटीवरून जाणेच बरे. इतिहासाला ग्रंथालय आहे. तक्रार करायची तर दुसऱ्या बाजूची करता येईल. समतानगर आणि शाहूनगर जिल्ह्याजिल्ह्यांत झाली, तर त्यांतून गाव आणि जागा हरवतात. वस्तीजवळचा व्हाळ, माड, पार, मळा यांवरून नाव घेतले तर जातही जाईल आणि जागाही राहील. कोकणात असे शब्द मुबलक आहेत, आणि ते ठरवण्याचा पहिला हक्क त्या वाडीत राहणाऱ्यांचा आहे.

नावांच्या मुळाशी जाताना एक पथ्य पाळावे लागते. ऐकायला गोड व्युत्पत्तीवर लगेच विश्वास ठेवू नये. मालवणच्या नावाचेच पाहा. पुष्कळ लवण, म्हणजे मीठ, म्हणून महालवण आणि त्याचे मालवण, असे एक मत. माडांचे वन म्हणून माडवन आणि त्याचे मालवण, हे दुसरे. शहराच्या आसपास मिठाच्या खाऱ्या जमिनीही होत्या आणि माडही होते, त्यामुळे दोन्ही गोष्टी सांगणाऱ्याला पुरावा जवळच सापडतो. अशा वेळी जुन्या कागदांत नाव कसे लिहिले आहे ते पाहायचे असते. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा खंड १८८० चा आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. त्यात कोकणातले कितीतरी शब्द ‘कोकणी’ अशा खुणेसह दिले आहेत. देवस्थानांच्या सनदा, खोतांची दप्तरे, सागरी नकाशे यांतही नावे सापडतात. वाडीच्या नावाचे मूळ सांगणाऱ्याने निदान एवढे तरी चाळलेले असावे.

वाडीच्याही खाली नावांचा एक थर आहे, आणि तो सर्वांत नाजूक आहे. कोकणात प्रत्येक कुणग्याला, म्हणजे शेताच्या तुकड्याला, नाव असते. एकाच मळ्यातले पाच तुकडे पाच नावांचे: एक आकारावरून, एक जुन्या कुळावरून, एक बाजूच्या झाडावरून, एक तिथल्या राखणदारावरून, आणि एकाचे नाव का पडले ते फक्त घरातल्या म्हाताऱ्या आजीला ठाऊक. सरकारी मोजणीने या तुकड्यांना सर्व्हे नंबर दिले, वाटण्या होत गेल्या तसे हिस्सा नंबर पडले. नांगरणीला जाणारा तरी नंबर सांगून जात नाही, नाव सांगून जातो. पण नांगरणीला जाणारेच कमी होत चालले आहेत. शेत पडीक पडले की त्याचे नाव घेण्याचा प्रसंग येत नाही, आणि प्रसंग आला नाही की पुढच्या पिढीला ते माहीत होत नाही. जमीन विकली गेली तर खरेदीखतात नंबर जातो, नाव जात नाही.

या नावांसाठी नवी योजना, समिती किंवा निधी लागत नाही. सातबारा उताऱ्यावर मालकाच्या नावाजवळच ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना पूर्वीपासून छापलेला आहे. बहुतेक उताऱ्यांवर तो कोरा असतो. ज्यांच्या घरी नाव सांगणारे कोणी अजून आहे, त्यांनी ते विचारून घ्यावे, तलाठ्याकडे अर्ज करावा आणि तो रकाना भरून घ्यावा.